काचबिंदू निचरा उपकरण शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत

काचबिंदूमध्ये डोळ्यातील दाब कमी करण्यासाठी डोळ्यात एक बारीक नळी व तिला जोडलेली तबकडी बसवली जाते. या साधनाला काचबिंदू निचरा उपकरण म्हणतात. नळी, तबकडी किंवा त्यांभोवती जखम भरून येण्याची प्रक्रिया यांमुळे शस्त्रक्रियेनंतर जे हानिकारक परिणाम उद्भवतात, त्यांचा समावेश या शस्त्रक्रियेच्या गुंतागुंतीत होतो. दाब अतिशय कमी होणे, दाब पुन्हा वाढणे, नळी बुजणे, नळी उघडी पडणे, कॉर्नियाला सूज येणे, एकाच्या दोन प्रतिमा दिसणे आणि डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होणे हे तिचे प्रमुख प्रकार आहेत.

यांपैकी अनेक गुंतागुंतींचा काळ बऱ्याच अंशी ठरलेला असतो. काही पहिल्या आठवड्यात, काही चौथ्या ते सहाव्या आठवड्याच्या सुमारास, तर काही अनेक महिन्यांनी किंवा वर्षांनी दिसतात. तोपर्यंत रुग्ण रुग्णालयातून घरी परतलेला असतो. त्यामुळे परभणी जिल्ह्यातील सेलूसारख्या, मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या ठिकाणच्या रुग्णांच्या बाबतीत शस्त्रक्रियेइतकेच महत्त्व नंतरच्या तपासण्यांना असते.

पार्श्वभूमी

डोळ्याच्या पुढील भागात नेत्रजल नावाचा पारदर्शक द्रव सतत तयार होत असतो आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या चाळणीसारख्या ऊतीतून तो बाहेर पडत असतो. निर्मिती व निचरा यांच्या समतोलावर डोळ्यातील दाब अवलंबून असतो. हा दाब सामान्यतः १० ते २१ मि.मी. पारा इतका असतो. निचरा अडल्यास दाब वाढतो आणि दृष्टिचेतेचे तंतू हळूहळू नष्ट होतात. या विकाराला काचबिंदू म्हणतात. काही रुग्णांमध्ये दाब सामान्य मर्यादेत असूनही काचबिंदू आढळतो. नष्ट झालेले तंतू पुन्हा निर्माण होत नाहीत. म्हणून काचबिंदूवरील सर्व उपचारांचा उद्देश उरलेली दृष्टी टिकवणे हा असतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेप्रमाणे येथे गेलेली नजर परत येत नाही.

२०१० मधील एका अंदाजानुसार भारतात ४० वर्षांवरील सुमारे १ कोटी १२ लाख व्यक्तींना काचबिंदू होता. भारतातील लोकसंख्या सर्वेक्षणांत काचबिंदू आढळलेल्या बहुतांश व्यक्तींना आपल्याला हा विकार आहे याची कल्पना नव्हती.

काचबिंदूवर प्रथम डोळ्यात घालायची औषधे, लेझर उपचार आणि आवश्यकतेनुसार ट्रॅबेक्युलेक्टमी ही शस्त्रक्रिया केली जाते. ट्रॅबेक्युलेक्टमीत डोळ्याच्या पांढऱ्या भागात निचऱ्यासाठी छोटा मार्ग तयार करतात. हा मार्ग व्रण धरून बंद झाल्यास, किंवा तो टिकण्याची शक्यता मुळातच कमी असल्यास निचरा उपकरणाचा विचार केला जातो. मधुमेहामुळे नवीन रक्तवाहिन्या वाढून झालेला काचबिंदू, डोळ्याच्या आतील दाहामुळे झालेला काचबिंदू, कॉर्निया प्रत्यारोपणानंतरचा काचबिंदू आणि लहान मुलांमधील काही प्रकारचे काचबिंदू यांचा त्यात समावेश होतो.

उपकरणाची रचना व कार्य

निचरा उपकरणाचे दोन भाग असतात. सिलिकॉनच्या मऊ नळीचे एक टोक कॉर्निया व परितारिका यांच्यामधील पोकळीत, म्हणजे पूर्वकोष्ठात असते. तिचे दुसरे टोक तबकडीला जोडलेले असते. तबकडी नेत्रश्लेष्मकलेखाली, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, कॉर्नियाच्या कडेपासून साधारण ८ ते १० मि.मी. मागे शिवली जाते. बहुधा डोळ्याच्या वरच्या व बाहेरच्या बाजूची जागा त्यासाठी निवडतात. नळीचा बाहेरील व्यास सुमारे ०.६ मि.मी. आणि आतील व्यास सुमारे ०.३ मि.मी. असतो.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांत शरीर तबकडीभोवती तंतुमय ऊतीची पिशवी तयार करते. नेत्रजल नळीवाटे या पिशवीत साठते आणि तिच्या भिंतीतून हळूहळू शोषले जाते. अंतिम दाब किती राहील हे मुख्यतः या भिंतीच्या जाडीवर व पिशवीच्या आकारावर ठरते. पिशवी तयार होण्यापूर्वी प्रवाहाला अडवणारे काहीच नसते आणि ती फार जाड झाली तर प्रवाह अपुरा पडतो. दाबाशी संबंधित बहुतेक गुंतागुंतींचे मूळ या दोन स्थितींत आहे.

उपकरणांचे दोन वर्ग मानले जातात. झडपयुक्त उपकरणांत दाब ठरावीक मर्यादेखाली गेल्यावर प्रवाह रोखणारी झडप असते. अहमद झडप हे त्याचे प्रचलित उदाहरण असून प्रौढांसाठीच्या तिच्या नेहमीच्या तबकडीचे क्षेत्रफळ १८४ चौ.मि.मी. असते. झडपविरहित उपकरणांत अशी सोय नसते. त्यामुळे पिशवी तयार होईपर्यंत नळी विरघळणाऱ्या धाग्याने बांधून ठेवली जाते. बेरवेल्ट, मोल्टेनो आणि भारतीय बनावटीचे ऑरोलॅब निचरा उपकरण हे या वर्गात मोडतात.

इतिहास

डोळ्यातील द्रव बाहेर नेण्यासाठी १९०७ मध्ये घोड्याच्या केसाचा आणि १९१२ मध्ये रेशमी धाग्याचा वापर करून पाहण्यात आला. धाग्याच्या टोकाशी व्रण तयार होऊन हे प्रयत्न अयशस्वी ठरले. दक्षिण आफ्रिकेत काम करणारे अँथनी मोल्टेनो यांनी १९६९ मध्ये नळीला तबकडी जोडण्याची कल्पना मांडली. तबकडीमुळे निचऱ्यासाठी मोठी जागा कायम राखता येऊ लागली. पुढे तबकडी कॉर्नियापासून दूर, मागच्या बाजूला बसवण्याची पद्धत रूढ झाली. बेरवेल्ट उपकरण १९९० च्या सुमारास, तर अहमद झडप १९९३ मध्ये वापरात आली.

आयात उपकरणांची किंमत भारतातील अनेक रुग्णांच्या आवाक्याबाहेरची होती. तमिळनाडूतील मदुराई येथील अरविंद नेत्रसंस्थेशी संलग्न ऑरोलॅब या उत्पादनसंस्थेने २०१३ मध्ये ३५० चौ.मि.मी. क्षेत्रफळाचे झडपविरहित उपकरण उपलब्ध केले. त्याची रचना बेरवेल्ट उपकरणावर आधारित असून किंमत आयात उपकरणांपेक्षा बरीच कमी आहे. भारतात झडपविरहित उपकरणांचा वापर वाढण्यास त्यामुळे मदत झाली. त्याबरोबरच धाग्याची गाठ सुटण्याच्या काळातील देखरेखीचे महत्त्वही वाढले.

सुरुवातीच्या काळातील गुंतागुंत

अतिनिम्न दाब : डोळ्यातील दाब ५ मि.मी. पारा किंवा त्याहून कमी झाल्यास त्याला अतिनिम्न दाब म्हणतात. नळीच्या कडेने द्रव झिरपणे, झडप नीट बंद न होणे किंवा नळीची गाठ सैल असणे ही त्याची कारणे होत. दाब फार घसरल्यास पूर्वकोष्ठ उथळ होतो, नळी कॉर्नियाला किंवा भिंगाला टेकू शकते आणि रंजकपटलाखाली द्रव साठून ते श्वेतपटलापासून सुटते. अतिनिम्न दाब दीर्घकाळ राहिल्यास दृष्टिपटलाच्या मध्यभागी घड्या पडून नजर अंधुक होते. सौम्य प्रकारांत औषधे व निरीक्षण पुरेसे ठरते. पूर्वकोष्ठ पूर्णपणे मिटला असल्यास त्यात चिकट पारदर्शक द्रव भरणे किंवा नळी पुन्हा बांधणे आवश्यक होते.

रंजकपटलाखालील रक्तस्राव : ही विरळ, पण अत्यंत गंभीर गुंतागुंत आहे. दाब एकदम उतरल्याने रंजकपटलामागील रक्तवाहिनी फुटते. अचानक तीव्र वेदना होते, मळमळते आणि दृष्टी झपाट्याने कमी होते. वाढलेले वय, उच्च रक्तदाब, शस्त्रक्रियेपूर्वीचा डोळ्यातील फार मोठा दाब, रक्त पातळ करणारी औषधे आणि पूर्वी झालेल्या डोळ्यांच्या शस्त्रक्रिया यांमुळे धोका वाढतो. जोराचा खोकला, उलटी किंवा शौचाच्या वेळी कुंथणे हे निमित्त ठरू शकते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर बद्धकोष्ठता व खोकल्यावर वेळीच औषध देतात.

पूर्वकोष्ठातील रक्त : नळी आत घालताना थोडा रक्तस्राव होऊ शकतो. नवीन रक्तवाहिन्यांमुळे झालेल्या काचबिंदूत त्याचे प्रमाण अधिक असते. बहुतेक वेळा हे रक्त काही दिवसांत शोषले जाते.

नळी बुजणे : रक्ताची गाठ, दाहामुळे तयार होणारे तंतू, परितारिका किंवा डोळ्याच्या मागील भागातील काचद्रव नळीच्या तोंडात अडकल्यास प्रवाह थांबतो व दाब वाढतो. कारणानुसार लेझर, डोळ्यात सोडलेले औषध किंवा पुन्हा शस्त्रक्रिया यांनी नळी मोकळी करतात.

गाठ सुटेपर्यंतचा उच्च दाब : झडपविरहित उपकरणात नळी बांधलेली असेपर्यंत निचरा जवळजवळ होत नाही. त्यामुळे या काळात दाब कमी करणारी औषधे चालू ठेवावी लागतात. शस्त्रक्रिया झाली म्हणजे जुने थेंब संपले, अशा समजुतीतून औषधे बंद केल्यास आधीच दुर्बळ झालेल्या दृष्टिचेतेचे आणखी नुकसान होते.

मधल्या काळातील गुंतागुंत

गाठ सुटल्यानंतरची दाबघट : नळी बांधण्यासाठी वापरलेला विरघळणारा धागा साधारणपणे चौथ्या ते सहाव्या आठवड्यात सुटतो. तेव्हा दाब काही तासांत खाली येऊ शकतो. पिशवी पुरेशी तयार झाली असल्यास तो योग्य पातळीवर थांबतो. ती पातळ असल्यास अतिनिम्न दाबाच्या सर्व गुंतागुंती या टप्प्यावर उद्भवू शकतात. गाठ सुटल्यानंतर दाबाची औषधे कमी करावी लागतात. गाठ सुटण्याआधी आवश्यक असलेले थेंब नंतर तसेच चालू राहिल्यास दाब आणखी घसरतो.

उच्चदाबाचा टप्पा : झडपयुक्त उपकरणांत सुरुवातीला दाब चांगला उतरतो. मात्र साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यापासून पिशवीची भिंत जाड व दाहयुक्त होऊन दाब पुन्हा २१ मि.मी. पाऱ्याच्या वर जाऊ शकतो. अहमद झडपेच्या बाबतीत हा टप्पा विशेष प्रमाणात आढळतो. नेत्रजलाची निर्मिती कमी करणारी औषधे लवकर सुरू केल्यास त्याची तीव्रता कमी राहते. बऱ्याच रुग्णांत पहिल्या सहा महिन्यांत भिंत मऊ होऊन दाब काही अंशी उतरतो.

स्टेरॉइडजन्य दाबवाढ : दाह कमी करण्यासाठी दिलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांमुळेही काही व्यक्तींचा दाब वाढतो. ही औषधे ठरवून दिलेल्या क्रमाने कमी करत बंद करावी लागतात. ती मनाने एकदम थांबवणे किंवा महिनोन्‌महिने चालू ठेवणे, दोन्ही हानिकारक आहे.

दीर्घकालीन गुंतागुंत

नळी किंवा तबकडी उघडी पडणे : नळीवरील नेत्रश्लेष्मकला हळूहळू विरळ होऊन नळी उघडी पडू शकते. हे टाळण्यासाठी नळीवर दान केलेल्या डोळ्याचे श्वेतपटल किंवा कॉर्निया, किंवा इतर ऊतीचे ठिगळ बसवतात अथवा नळी श्वेतपटलाच्या थराखालून नेतात. तरीही पापणीचे सततचे घर्षण, डोळे चोळण्याची सवय आणि कोरडेपणा यांमुळे आवरण झिजू शकते. डोळ्याच्या खालच्या भागात बसवलेल्या उपकरणांत धोका अधिक असतो. काही तरी टोचल्यासारखे वाटणे, लाली किंवा पाणी येणे ही लक्षणे असतात. मात्र कित्येकदा रुग्णाला काहीच जाणवत नाही आणि दोष तपासणीतच आढळतो. उघडी नळी हा जंतूंना डोळ्याच्या आत जाण्याचा थेट मार्ग असल्याने ती शस्त्रक्रियेने लवकर झाकणे आवश्यक असते.

अंतर्नेत्रदाह : डोळ्याच्या आतील जंतुसंसर्ग विरळ असला तरी दृष्टी कायमची घालवू शकतो. उशिरा होणाऱ्या संसर्गांचा संबंध बहुधा उघड्या पडलेल्या नळीशी असतो. वेदना, लाली, चिकट स्राव, पापणीची सूज आणि झपाट्याने कमी होणारी नजर ही त्याची लक्षणे होत. उपचारात डोळ्याच्या आत प्रतिजैविके देतात आणि बऱ्याचदा उपकरण काढावे लागते.

कॉर्नियाची सूज : कॉर्नियाच्या आतील पृष्ठभागावरील पेशी तिच्यातील पाणी बाहेर काढून ती पारदर्शक ठेवतात. माणसामध्ये या पेशी नष्ट झाल्यास नव्याने तयार होत नाहीत. नळीचे टोक कॉर्नियाच्या जवळ असल्यास त्यांची संख्या वर्षानुवर्षे घटत जाते आणि शेवटी कॉर्निया सुजून धूसर होते. सकाळी अधिक अंधुक दिसणे व दिव्याभोवती वलये दिसणे ही सुरुवातीची लक्षणे असू शकतात. नळी परितारिकेच्या मागे किंवा डोळ्याच्या आणखी मागील भागात हलवणे आणि आवश्यकता भासल्यास कॉर्नियाच्या आतील थराचे प्रत्यारोपण करणे हे उपचार आहेत.

दुहेरी दृष्टी : तबकडी डोळा फिरवणाऱ्या स्नायूंच्या लगत किंवा त्यांच्याखाली असते. पिशवीचा फुगवटा व व्रण यांमुळे डोळ्याची हालचाल मर्यादित होऊन एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसू शकतात. मोठ्या तबकड्यांत हा धोका अधिक असतो. बेरवेल्ट तबकडीला छिद्रे ठेवण्यामागे फुगवटा कमी राहावा हा हेतू होता. सौम्य दोषावर प्रिझमयुक्त चष्मा उपयोगी पडतो.

इतर : मोतीबिंदू लवकर वाढणे, नळी मागे सरकणे आणि दृष्टिपटल सुटणे याही नोंदवलेल्या गुंतागुंती आहेत. पिशवी जाड होऊन उपकरण निकामी झाल्यास दुसरे उपकरण बसवतात किंवा नेत्रजल तयार करणाऱ्या ऊतीवर लेझर उपचार करतात.

लहान मुलांमध्ये डोळा वाढत असल्याने नळी पूर्वकोष्ठातून बाहेर ओढली जाणे किंवा तिची दिशा बदलणे अधिक प्रमाणात आढळते. मूल डोळे चोळते आणि लक्षणे सांगू शकत नाही. काही वेळा त्याची तपासणी भूल देऊनच करावी लागते.

प्रमाण

अमेरिका व इंग्लंडमधील १७ केंद्रांवर झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात पूर्वी डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्या २१२ रुग्णांचा ५ वर्षे पाठपुरावा करण्यात आला. सुरुवातीच्या काळातील गुंतागुंत बेरवेल्ट उपकरणाच्या गटात २१ टक्के, तर ट्रॅबेक्युलेक्टमीच्या गटात ३७ टक्के रुग्णांत आढळली. त्यानंतरच्या काळातील गुंतागुंतीचे प्रमाण अनुक्रमे ३४ व ३६ टक्के, म्हणजे जवळपास सारखे होते. पाच वर्षांत उपचार अयशस्वी ठरण्याचे प्रमाण उपकरणाच्या गटात सुमारे ३० टक्के व ट्रॅबेक्युलेक्टमीच्या गटात सुमारे ४७ टक्के होते.

अहमद व बेरवेल्ट या उपकरणांची २३८ रुग्णांमध्ये तुलना करणाऱ्या दुसऱ्या अभ्यासात ५ वर्षांनंतर अपयशाचे प्रमाण अहमद गटात ५३ टक्के व बेरवेल्ट गटात ४० टक्के होते. मात्र अतिनिम्न दाबामुळे आलेले अपयश बेरवेल्ट गटातच, ४ टक्के रुग्णांत दिसले. झडपविरहित मोठी तबकडी दाब अधिक उतरवते, पण दाब फार घसरण्याचा धोकाही तिच्यात अधिक असतो, असा या आकड्यांचा अर्थ आहे.

पाठपुरावा

साधारणपणे शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी, पहिल्या आठवड्यात, त्यानंतर पहिले दोन-तीन महिने थोड्या थोड्या अंतराने आणि पुढे आयुष्यभर ठरावीक कालावधीने तपासणी केली जाते. प्रत्येक वेळी दृष्टी, दाब, पूर्वकोष्ठाची खोली, नळीची जागा आणि तिच्यावरील आवरण पाहिले जाते. दृष्टिचेतेची हानी वाढते आहे का, हे दृष्टिक्षेत्र तपासणीने कळते.

पुढील लक्षणे दिसल्यास ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जाणे आवश्यक मानले जाते :

• अचानक तीव्र वेदना किंवा उलटी
• नजर एकाएकी कमी होणे, किंवा डोळ्यासमोर पडदा आल्यासारखे वाटणे
• वाढती लाली, चिकट स्राव किंवा पापणीची सूज
• डोळ्यातून एकाएकी पुष्कळ पाणी वाहू लागणे
• पांढऱ्या भागावर नळी उघडी दिसणे किंवा काही टोचणे

नव्याने दिसू लागलेली दुहेरी दृष्टीही लवकर दाखवून घ्यावी लागते.

सेलू व मराठवाड्यातील संदर्भ

सेलू हे परभणी जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण सिकंदराबाद–मनमाड रेल्वेमार्गावर परभणी व जालना यांच्या दरम्यान वसलेले आहे. तेथे उपजिल्हा रुग्णालय आहे. परभणीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ मध्ये सुरू झाले. छत्रपती संभाजीनगर व नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये त्याहून जुनी आहेत, तर जालना येथे श्री गणपती नेत्रालय हे नेत्ररुग्णालय आहे. निचरा उपकरणाची शस्त्रक्रिया काचबिंदूच्या विशेषज्ञाकडून करावी लागत असल्याने तालुक्याच्या रुग्णाला तिच्यासाठी बहुधा मोठ्या शहरात जावे लागते.

अशा रुग्णाच्या बाबतीत गुंतागुंतीचे वेळापत्रक आणि शेतीचे वेळापत्रक एकमेकांत मिसळते. ज्येष्ठात, पेरणीच्या तोंडावर झडपविरहित उपकरण बसवल्यास गाठ सुटण्याचा चौथा ते सहावा आठवडा खुरपणी-कोळपणीच्या दिवसांत येतो. पावसाळ्याच्या अखेरीस केलेल्या शस्त्रक्रियेनंतर हाच काळ सोयाबीनची काढणी व कापूस वेचणीत येतो. डोळा दुखत नसल्यास तपासणीची फेरी पुढे ढकलली जाण्याची शक्यता असते. अतिनिम्न दाब, उच्चदाबाचा टप्पा आणि नळी उघडी पडणे या तिन्ही गोष्टी वेदनेशिवाय होऊ शकतात. नजर अंधुक झाल्यास चष्म्याचा नंबर बदलला किंवा मोतीबिंदू वाढला, असा समज होण्याचाही संभव असतो.

म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरवतानाच चौथ्या ते सहाव्या आठवड्यात येणे शक्य आहे का, याचा विचार करणे उपयुक्त ठरते. रुग्णाच्या कार्डावर कोणता डोळा, उपकरणाचे नाव व आकार, शस्त्रक्रियेची तारीख, गाठ सुटण्याचा अपेक्षित काळ आणि सध्याच्या थेंबांची यादी असल्यास जवळच्या नेत्रतज्ज्ञालाही दाबाचा योग्य अर्थ लावता येतो. पाचव्या आठवड्यातील ३० आणि सातव्या आठवड्यातील ३० हे आकडे सारखे असले, तरी झडपविरहित उपकरणाच्या रुग्णात पहिला बहुधा गाठ अजून सुटली नसल्याचे दर्शवतो, तर दुसऱ्यात नळी बुजल्याची शंका घ्यावी लागते. दृष्टी व दाब मोजणे यांसारख्या प्राथमिक तपासण्या तालुक्याच्या पातळीवर झाल्यास रुग्णाला तातडीने शहरात पाठवायचे की ठरलेल्या तारखेपर्यंत थांबता येईल, याचा निर्णय सोपा होतो.

घरी परतल्यानंतर काही आठवडे झोपताना डोळ्यावर संरक्षक कवच लावणे, डोळा न चोळणे, वाकून जड ओझे न उचलणे, धुळीच्या कामापासून दूर राहणे आणि नदी-विहिरीत पोहणे टाळणे असा सल्ला सामान्यतः दिला जातो. थेंब घालण्यापूर्वी हात धुणे आणि बाटलीचे टोक डोळ्याला लागू न देणे ही खबरदारी उपकरण असेपर्यंत, म्हणजे बहुधा आयुष्यभर, घ्यावी लागते.